ताप असताना एकदा, ताप नसताना एकदा : ऑटोइन्फ्लमेटरी आजारांच्या रक्ततपासण्या कशा कराव्यात आणि कशा वाचाव्यात

दर चार आठवड्यांनी ताप. चार-पाच दिवस राहतो, अँटिबायोटिकचा कोर्स संपता संपता उतरतो आणि महिना भरायच्या आत पुन्हा हजर. अशा मुलाची फाइल उघडली की सीआरपीचे (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) सात-आठ रिपोर्ट निघतात. सगळे चढलेले आणि सगळे तापातले. निदानाच्या दृष्टीनं त्यांतला एक रिपोर्ट कामाचा, बाकीचे त्याच्याच प्रती. मूल शाळेत जातंय, जेवतंय, दंगा करतंय अशा दिवशी सीआरपी किती असतो, हे कोणी पाहिलेलंच नसतं. ऑटोइन्फ्लमेटरी आजारांच्या तपासणीत बहुतेक वेळा नेमका हाच आकडा हातात नसतो.

ऑटोइन्फ्लमेटरी म्हणजे स्वयंदाहक. ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारात शरीर स्वतःच्याच विरोधात अँटिबॉडी तयार करतं, म्हणून तिथे एएनए, आरए फॅक्टर या अँटिबॉडीच्या तपासण्या उपयोगी पडतात. स्वयंदाहक आजारात बिघाड त्याच्या अलीकडच्या फळीत असतो. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पेशी जंतू नसतानाही चेकाळतात आणि इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-१८ किंवा इंटरफेरॉन हे दाह पेटवणारे संदेश सोडत राहतात. तेव्हा एएनए निगेटिव्ह आला म्हणजे काही नाही, असं समजू नये. या गटात तो बहुधा निगेटिव्हच येतो. १९९९ मध्ये ट्रॅप्स या आजाराचं जनुक सापडलं तेव्हा हे नाव रूढ झालं. आज या घराण्यात एफएमएफ म्हणजे फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर, कॅप्स, ट्रॅप्स, मेव्हॅलोनेट कायनेजची कमतरता, लहान मुलांतला पीएफएपीए, स्टिल आजार, डाडा-२, इंटरफेरॉनशी निगडित आजार आणि २०२० मध्ये ओळख पटलेला व्हेक्सास असे बरेच सभासद आहेत.

'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असं थेट उत्तर देणारी रक्ततपासणी यांत बहुधा नसते. आकड्याला अर्थ येतो तो नमुना कधी घेतला यावरून.

आधी वही, मग सुई

रक्त काढण्याआधी किमान दोन-तीन फेऱ्यांची तापाची नोंद हवी. ताप कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झाला, सर्वांत जास्त किती होता, पूर्ण कधी उतरला, सोबत काय होतं (तोंडात फोड, पोटदुखी, पुरळ, सांधे, डोळे लाल होणे, मानेच्या गाठी) आणि कोणतं औषध कोणत्या दिवशी दिलं. पुरळाचा फोटो काढून ठेवावा, डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तो मावळलेला असतो.

या वहीवरून कोणती तपासणी मागवायची ते ठरतं. ताप बारा तास ते तीन दिवस टिकतो आणि पोट किंवा छाती जबर दुखते, तर एफएमएफकडे बघावं. तीन ते सात दिवस, सोबत उलट्या-जुलाब, मानेच्या गाठी, आणि लसीनंतर हमखास झटका, असं असेल तर मेव्हॅलोनेट कायनेज. आठवडाभर किंवा त्याहून लांबणारा ताप, सरकत जाणारी लाल पुरळ, डोळ्यांभोवती सूज हा ट्रॅप्सचा नमुना. थंड हवेनंतर काही तासांत पित्तासारखी पुरळ आणि दिवसभरात ओसरणारा ताप हा कॅप्सचा सौम्य प्रकार. रोज ठरावीक वेळी चढून उतरणारा, दोन आठवड्यांहून अधिक चाललेला ताप आणि तापाबरोबर येऊन जाणारी सॅमन रंगाची पुरळ, हा स्टिल. पाच वर्षांखालचं मूल, तीन ते सहा आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारखा येणारा ताप, घसा, तोंडातले फोड, गाठी आणि मधल्या काळात उत्तम वाढ, हा पीएफएपीए. आपल्याकडे वारंवार तापाची जी मुलं बालरोगतज्ज्ञांपुढे येतात त्यांत पीएफएपीए बराच दिसतो, एफएमएफ क्वचित. एफएमएफचं माहेर तुर्कस्तान, आर्मेनिया, अरब आणि ज्यू समाजात आहे.

पहिला नमुना : ऐन तापात

वेळ : ताप सुरू झाल्यापासून २४ ते ४८ तासांत. यामागे साधा हिशोब आहे. सीआरपी यकृतात तयार होतो. चिथावणी मिळाल्यावर सहा-आठ तासांनी तो वाढू लागतो, दीड-दोन दिवसांनी शिखर गाठतो आणि चिथावणी थांबली की दर १९ तासांनी निम्मा होतो. पहिल्या संध्याकाळी, ताप चढून दोनच तास झालेले असताना घेतलेला सीआरपी नॉर्मल येऊ शकतो. उलट ८० मिलिग्रॅम प्रति लिटरवर गेलेला सीआरपी ताप थांबल्यावर तीन दिवसांत सहाच्या आसपास उतरतो. 'लॅबला सोमवारी जाऊ' म्हणून थांबलेल्या पालकांच्या हाती असा नॉर्मल रिपोर्ट पडतो आणि सगळेच चकतात. थंडीनं येणाऱ्या प्रकारात झटका दिवसभरातच संपतो. तिथे त्याच संध्याकाळी रक्त घ्यावं लागतं.

अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दोन्ही सुरू करण्याआधी रक्त घ्यावं. पीएफएपीएचा ताप प्रेडनिसोलोनच्या एका डोसनं काही तासांत उतरतो, म्हणून तो डोस 'तपासणी' म्हणून वापरायचा मोह होतो. स्टेरॉइडनं ल्युकेमियाही काही काळ दबतो आणि नंतर बोन मॅरो वाचणं अवघड होतं. हाडं रात्री दुखतात, मूल फिकट दिसतंय किंवा प्लेटलेट कमी आहेत, यांपैकी काहीही असेल तर स्लाइड अनुभवी पॅथॉलॉजिस्टनं पाहिल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये.

किती रक्त लागतं? लहान मुलात शरीरातलं एकूण रक्त किलोमागे सुमारे ७५ मिली असतं. दहा किलोच्या मुलात ते साडेसातशे मिली झालं आणि त्याचा एक टक्का म्हणजे साडेसात मिली. एवढ्यात पहिली फेरी आरामात बसते. भरण्याचा क्रम पाळावा : आधी ब्लड कल्चरची बाटली (लहान मुलांच्या बाटलीला एक ते तीन मिली), मग निळ्या टोपणाची सायट्रेट ट्यूब, मग लाल किंवा पिवळ्या टोपणाची सीरमची, शेवटी जांभळी ईडीटीए. जांभळ्या ट्यूबमधलं द्रव्य सीरममध्ये मिसळलं तर पोटॅशियम खोटं चढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. निळी ट्यूब खुणेपर्यंतच भरावी. अर्धवट भरली तर रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे आकडे चुकतात.

पहिल्या फेरीत हे मागवावं : सीबीसी आणि स्लाइडचं प्रत्यक्ष वाचन, सीआरपी, ईएसआर (लाल पेशी तळाला बसण्याचा वेग), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, दाहातही वाढतं), एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम), अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, एलडीएच (पेशी तुटल्या की वाढणारं एन्झाइम), लघवीची साधी तपासणी. एसएए म्हणजे सीरम अमायलॉइड ए उपलब्ध असेल तर तोही. सोबत अर्धा-अर्धा मिली सीरमच्या दोन छोट्या कुप्या गोठवून ठेवाव्यात. झटका पुढच्या महिन्यात सवडीनं येईलच असं नाही, आणि नंतर सुचलेली तपासणी याच कुप्यांतून करता येते. सीरमची ट्यूब अर्धा ते एक तास उभी ठेवून गुठळी होऊ द्यावी, मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज, सीरम वेगळं, कुपीवर नाव, तारीख आणि 'तापाचा दुसरा दिवस' असं स्पष्ट लिहून उणे २० अंशांवर. महिन्यांसाठी ठेवायचं असेल तर उणे ८० अंश. एकदा वितळवलेली कुपी परत गोठवू नये. म्हणून तर दोन ठेवायच्या.

हे सगळं संसर्ग तपासण्याच्या जोडीनं, त्याऐवजी नव्हे. पावसाळ्यात मलेरियाची स्लाइड, पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-१, गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्याला लेप्टो, टायफॉइडसाठी कल्चर. विडाल या टायफॉइडच्या अँटिबॉडी चाचणीवर विसंबू नये; जुना संसर्ग, लस, दुसरेच ताप, कशानंही तो पॉझिटिव्ह येतो. वारंवार तापाच्या कित्येक फाइलींत 'टायफॉइड' तीन-चारदा लिहिलेला सापडतो तो याच्या कृपेनं.

लॅबमध्ये आकडा कुठे बिघडतो

सीआरपीच्या रिपोर्टवर आधी एकक बघावं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोहोंत दहापटीचा फरक आहे. ६ आणि ६० हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. शक्यतो सगळे नमुने एकाच लॅबकडे द्यावेत. दुसरं, पद्धत बघावी. काचपट्टीवर लॅटेक्स मिसळून 'पॉझिटिव्ह, १२' किंवा 'पॉझिटिव्ह, २४' असं उत्तर देणारी चाचणी इथे कुचकामी आहे. तिचे आकडे दुपटीच्या पायऱ्यांनी येतात आणि सीआरपी फारच जास्त असेल तर ती उलट निगेटिव्हही दाखवू शकते. टर्बिडिमेट्री किंवा नेफेलोमेट्री या प्रकाशाच्या मदतीनं मोजणाऱ्या पद्धतींचा आकडा मागावा. हृदयविकाराच्या पॅकेजमधला एचएस-सीआरपी मागवण्याचं कारण नाही.

ईएसआर दिसायला साधा, पण मोजायला नाठाळ. वेस्टरग्रेन पद्धतीत चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, नळी अगदी उभी, एक तास. नळी तीन अंशांनी कलली तरी ईएसआर ३० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकतो. त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज थरथरत असेल, नळीवर ऊन पडत असेल किंवा मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत ३५ अंश असतील तरी तो चढतो. खोलीच्या तापमानाला ठेवलेलं रक्त चार तासांच्या आत लावलं पाहिजे. गावातून संध्याकाळच्या एसटीनं शहरात गेलेल्या नमुन्याचा ईएसआर धरू नये. शिवाय ॲनिमिया असला की ईएसआर आपोआप वर जातो, आणि आपल्याकडच्या मुलांत ॲनिमिया किती आहे हे वेगळं सांगायला नको. म्हणून ईएसआर आणि सीआरपी यांच्यात मतभेद झाला तर सहसा सीआरपीचं ऐकावं. याला एक अपवाद आहे, तो पुढे येतो.

फेरिटिनची अडचण वेगळीच. यंत्राची मर्यादा ओलांडली की रिपोर्टवर '२००० पेक्षा जास्त' एवढंच छापून येतं. लॅबला फोन करून 'सीरम पातळ करून नेमका आकडा द्या' असं सांगावं. २,१०० आणि ४०,००० यांत जीवन-मरणाचा फरक असतो. फेरिटिन प्रचंड असताना काही यंत्रं उलट खोटा कमी आकडा देतात, तिथेही उपाय पातळ करून मोजणं हाच. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर फेरिटिन आणि प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणू संसर्गात वाढणारं प्रथिन) कमी दिसतं. गोळ्या दोन-तीन दिवस बंद ठेवून रक्त द्यावं, थांबायला वेळ नसेल तर निदान लॅबला कळवावं.

दुसरा नमुना : ताप नसताना

पूर्ण ताप उतरल्यावर दोन आठवड्यांनी, मूल हसतं-खेळतं असताना, सर्दी-खोकला नसताना आणि मधल्या काळात लस दिलेली नसताना. फेऱ्या फार जवळजवळ असतील तर दहा दिवस चालतील. सीबीसी, सीआरपी, ईएसआर, एसएए, लघवी एवढंच पुरे. पालकांना पटवावं लागतं ते इथे. बऱ्या पोराला कशाला टोचायचं, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आधीच द्यावं : संपूर्ण तपासणीत सर्वांत जास्त माहिती देणारी सुई हीच.

आता दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा. तापात सीआरपी १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे, मधे ५ च्या खाली आणि वाढ व्यवस्थित : पीएफएपीए किंवा एफएमएफकडे कल. तापात जास्त, मधे कमी पण पुरता नॉर्मल नाही, १० ते ३० मध्ये रेंगाळतो : ट्रॅप्स, मेव्हॅलोनेट कायनेज, कॅप्स किंवा नीट आटोक्यात नसलेला एफएमएफ यांचा विचार करावा, आणि क्षयरोग, आतड्यांचा क्रोन आजार किंवा कुठे दडलेला पू यांचाही. दोन्ही वेळा सारखाच जास्त : झटक्यांचा आजार नव्हे, सतत धुमसणारा, स्टिल, कॅप्सचा गंभीर प्रकार, किंवा मग कॅन्सर. दोन्ही वेळा नॉर्मल किंवा किंचितच वर : जिवाणूंमुळे किंवा इंटरल्युकिन-१ मुळे होणाऱ्या दाहाची शक्यता खूपच कमी. मात्र बोटांची टोकं काळी पडणं, मेंदूच्या स्कॅनवर चुन्याचे ठिपके, थंडीत फोड, अशी लक्षणं असतील तर इंटरफेरॉन गटाचे आजार आठवावेत. त्यांत सीआरपी शांत असू शकतो.

सीबीसीची एक वेगळी पायरी आहे. ताप बरोबर २१ दिवसांनी येत असेल तर सायक्लिक न्यूट्रोपेनिया (न्यूट्रोफिल ठरावीक अंतरानं घटण्याचा आजार) बाद करायला हवा, कारण तोही तोंडातले फोड घेऊन येतो आणि पीएफएपीएसारखा दिसतो. त्यात न्यूट्रोफिल तीन ते पाच दिवस तळाला, दर मायक्रोलिटरला २०० च्या आसपास किंवा खाली जातात आणि ताप येईपर्यंत बऱ्याचदा सावरलेले असतात. एकदा करून भागत नाही. सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा सीबीसी. बोटाच्या टोकातून चार थेंब घेतले तरी पुरतात.

प्रोकॅल्सिटोनिनबद्दल थोडक्यात : ०.५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गंभीर जिवाणू संसर्गाची शक्यता कमी होते. पण स्टिल आजाराच्या भडक्यात ते संसर्गाशिवायही चढतं. एकट्या त्यावर अँटिबायोटिक सुरू किंवा बंद करू नये.

फेरिटिन, प्लेटलेट आणि उतरणारा ईएसआर

इथे घाई करावी लागते, म्हणून जरा सविस्तर.

स्टिल आजारात, मग तो लहान मुलात असो की मोठ्यात (२०२४ च्या युरोपीय शिफारशी दोन्हींना एकच आजार मानतात), मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम नावाचं वादळ उठू शकतं. मॅक्रोफेज पेशी स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात, यकृत सुजतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन खर्ची पडतं. ईएसआर हा बराचसा फायब्रिनोजेनवर अवलंबून असतो. त्यामुळे मूल बिघडत असताना ईएसआर खाली येतो. ९० चा ईएसआर ३० झाला, सीआरपी चढलेलाच, ताप मात्र आता दिवसभर उतरतच नाही : ही सुधारणा नव्हे. मघाशी म्हटलेला अपवाद हाच.

हे वादळ ओळखण्याचे २०१६ मध्ये ठरलेले निकष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. स्टिल आजार असलेल्या किंवा त्याचा संशय असलेल्या, ताप असलेल्या मुलात फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर, आणि पुढच्या चारांपैकी कोणतेही दोन : प्लेटलेट १ लाख ८१ हजार किंवा कमी, एसजीओटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी. शेवटचे दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

यांतले बरेच आकडे लॅबच्या छापील मर्यादेत 'नॉर्मल' दिसतात आणि खरी चूक तिथेच होते. प्लेटलेट १ लाख ७५ हजार असल्या तर लॅब ठळक अक्षरात काही छापत नाही. पण पेटलेल्या स्टिल आजारात त्या पाच-सहा लाख असायला हव्यात. फायब्रिनोजेन ३५० चंही तसंच. तिथे ६०० अपेक्षित आहे. छापील मर्यादा निरोगी माणसासाठी असते. अशा रुग्णाची तुलना त्याच्याच कालच्या आकड्याशी करावी, आणि भरती असताना सीबीसी, फेरिटिन, एसजीओटी, फायब्रिनोजेन रोज करावं, गरज पडली तर दिवसातून दोनदा. फेरिटिन १०,००० च्या पुढे गेलं तर विचार करत बसू नये, आयसीयू असलेल्या रुग्णालयात हलवावं.

उलट बाजूही सांगायला हवी. ज्याच्या अंगात लोहच नाही त्याचं फेरिटिन दाह असतानाही ८०-१०० वर थांबतं. आपल्याकडच्या मुलांत आणि बायकांत नॉर्मल फेरिटिनवरून स्टिल आजार नाही असं म्हणू नये. आणि डेंग्यूतही फेरिटिन हजारोंत जातं.

दुसऱ्या फळीतल्या तपासण्या

या सरसकट मागवू नयेत. महाग आहेत, नमुना दूर जातो, आणि वहीनं दिशा दाखवली नसेल तर येणारं उत्तर नुसता गोंधळ वाढवतं.

*एसएए.* सीआरपीचाच भाऊ, पण जास्त चपळ. तीव्र दाहात हजारपटीपर्यंत वाढतो. निदानापेक्षा याचा खरा उपयोग पुढच्या काळजीत आहे, कारण हेच प्रथिन वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर मूत्रपिंडात अमायलॉइड म्हणून साचतं. लक्ष्य १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली.

*कॅलप्रोटेक्टिन आणि एस१००ए१२.* न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांनी सोडलेली प्रथिनं. स्टिल आजार आणि एफएमएफमध्ये ती इतकी वाढतात की साध्या संसर्गापासून वेगळं ओळखायला मदत होते. सापळा असा, की गुठळी होताना ट्यूबमध्येही न्यूट्रोफिल हे सोडत राहतात. सीरम लवकर वेगळं केलं नाही तर आकडा फुगतो. सीरम आणि ईडीटीए प्लाझ्मा यांच्या आकड्यांची अदलाबदल करू नये. आणि फॉर्मवर 'रक्तातलं' असं लिहावं, नाहीतर लॅब शौचाची डबी हातात देते; आपल्याकडे कॅलप्रोटेक्टिन म्हटलं की आतड्यांच्या आजाराचीच तपासणी समजली जाते.

*आयजीडी आणि मेव्हॅलोनिक ॲसिड.* आयजीडी (अँटिबॉडीचा एक प्रकार) १०० आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलीच्या वर, म्हणजे साधारण १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, हा मेव्हॅलोनेट कायनेजच्या कमतरतेचा जुना दाखला. त्यावर फार भार टाकू नये. तीन वर्षांखालच्या मुलांत आजार असूनही तो नॉर्मल असू शकतो आणि इतर कित्येक दाहांत विनाकारण चढतो. त्यापेक्षा झटक्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतली लघवी दहा मिली गोठवून मेव्हॅलोनिक ॲसिडसाठी पाठवावी. झटका संपल्यावर घेतलेली लघवी वाया जाते. 'ऑरगॅनिक ॲसिड स्क्रीन' एवढंच लिहिलं तर थोडी वाढ नजरेतून सुटते. फॉर्मवर मेव्हॅलोनिक ॲसिडचं नाव लिहावं.

*एडीए-२.* लहान वयात पक्षाघात, पायांवर जाळीदार निळसर नक्षी, कधी रक्तपेशी कमी, असा डाडा-२ चा चेहरा. २०१४ मध्ये त्याचं जनुक सापडलं आणि भारतातही रुग्ण नोंदले गेले आहेत. यात एडीए-२ हे एन्झाइम जवळपास शून्य असतं, वाहक आईवडिलांत साधारण निम्मं. आपल्याकडे एडीए म्हटलं की छातीतल्या पाण्याची टीबीची तपासणी आठवते. ती एकूण एडीए मोजते. इथे प्लाझ्मा किंवा सीरममधलं फक्त एडीए-२ वेगळं मोजणारी लॅब लागते. नुकताच प्लाझ्मा किंवा रक्त चढवलं असेल तर दात्याचं एन्झाइम मोजलं जाण्याचा धोका असतो, चढवण्याआधीच नमुना घ्यावा.

*इंटरफेरॉन सिग्नेचर.* रक्ताच्या आरएनएमध्ये इंटरफेरॉनमुळे जागी होणारी जनुकं मोजतात. बऱ्याच ठिकाणी आयएफआय२७, आयएफआय४४एल, आयएफआयटी१, आयएसजी१५, आरएसएडी२, सिग्लेक१ ही सहा. आरएनए जपणारी खास ट्यूब लागते, त्यात अडीच मिली रक्त, आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट, दोन तास खोलीच्या तापमानाला, मग गोठवायची. साध्या जांभळ्या ट्यूबमधून कुरियरनं पाठवलेल्या रक्ताचा आरएनए वाटेतच सडतो. विषाणूच्या सर्दीनंही सिग्नेचर पेटते, म्हणून सर्दी-ताप नसताना, काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करावी.

*इंटरल्युकिन.* इंटरल्युकिन-१८ मोजण्यात अर्थ आहे. मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशनच्या वाटेवरच्या रुग्णांत ते दहा-दहा हजार पिकोग्रॅमच्या घरात जातं, निरोगी माणसात काहीशे असतं. इंटरल्युकिन-६ कशातही वाढतं. आणि ज्याच्यामुळे हे सगळं रामायण घडतं ते इंटरल्युकिन-१ बीटा रक्तात बहुतेक वेळा मोजण्याइतकं सापडतच नाही. ते नॉर्मल आलं म्हणून कॅप्स नाही, असा निष्कर्ष काढू नये. खरं तर ती तपासणी मागवूच नये.

मोठ्या माणसांसाठी दोन जोड. पित्तासारखी पुरळ, ताप आणि हाडदुखी असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणं) आणि सोबत इम्युनोफिक्सेशनही करावं. आयजीएम या अँटिबॉडीचा लहानसा मोनोक्लोनल (एकाच साच्याचा) पट्टा सापडला तर श्निट्झलर सिंड्रोम. पन्नाशीपुढचा पुरुष, कानाच्या पाळीची सूज, वारंवार ताप, सीआरपी सतत चढलेला आणि सीबीसीतला एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर असेल तर व्हेक्सास. मात्र शाकाहारी घरांत एमसीव्ही वाढण्याचं नेहमीचं कारण बी-१२ ची कमतरता, ती आधी तपासावी.

जनुकतपासणी कुठे बसते

शेवटी. आणि वही, दोन्ही रिपोर्ट, कुटुंबाची माहिती असं सगळं सोबत जोडून; लॅबला ताप किती दिवस टिकतो हेच ठाऊक नसेल तर सापडलेल्या बदलाचा अर्थ ती लावणार कसा? जांभळ्या ट्यूबमध्ये दोन ते चार मिली रक्त, शक्य तर आईवडिलांचंही, आणि आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावं, म्हणजे ते शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात पडून राहत नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर काम करते. नमुना पाठवण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिथे बोलून कोणती ट्यूब, कोणता दिवस हे विचारून घ्यावं.

रिपोर्टवर एमईएफव्ही या एफएमएफच्या जनुकातला ई१४८क्यू नावाचा बदल दिसला की 'एफएमएफ निघाला' असं होतं. हा बदल आशियात, भारतातही, कितीतरी निरोगी लोकांत असतो. त्याची एक प्रत सापडणं म्हणजे निदान नव्हे. ट्रॅप्समधला आर९२क्यू आणि कॅप्सच्या एनएलआरपी३ जनुकातला क्यू७०३के यांनाही असंच सांभाळून घ्यावं. उलट, लक्षणं आणि दोन्ही नमुने कॅप्सकडे बोट दाखवत असूनही जनुक कोरं आलं तर बदल फक्त काही पेशींत असू शकतो. खोलवर वाचन करणारी सिक्वेन्सिंग मागावी. व्हेक्सासचा यूबीए१ मधला बदल जन्मानंतर रक्तपेशींत घडलेला असतो. जन्मजात आजारांच्या तयार पॅनेलमध्ये हे जनुक नसलं तर तो सुटतो, म्हणून फॉर्मवर नाव घालून मागवावा. पीएफएपीएचं असं एकच जनुक सापडलेलं नाही, त्यासाठी पॅनेलवर पैसे घालवू नयेत.

उपचार सुरू झाल्यावर

इंटरल्युकिन-१ किंवा टीएनएफ (दाहाचाच आणखी एक संदेश) रोखणारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयरोगासाठी मँटू किंवा इग्रा, छातीचा एक्स-रे, हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही. स्टेरॉइड चालू असताना मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा ती आधी उरकावी. टोसिलिझुमॅब चालू असेल तर सीआरपी आणि ईएसआर दोन्ही जवळजवळ मुके होतात, कारण हे औषध इंटरल्युकिन-६ चीच वाट अडवतं. अशा रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी ३ येऊ शकतो. तिथे पोराकडे बघावं, कागदाकडे नाही.

एफएमएफमध्ये कोल्चिसिन हे औषध चालू असताना दर सहा महिन्यांनी सीबीसी, यकृत, क्रिएटिनिन, सीपीके (स्नायूंचं एन्झाइम), आणि तापाबाहेरचा सीआरपी किंवा एसएए. घशासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोल्चिसिन अंगात साठून विषबाधा होऊ शकते, हे पालकांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवावं.

आणि लघवी. एसएए कोणाला परवडत नसेल तरी सकाळच्या पहिल्या लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर दर सहा महिन्यांनी करता येतं. ताप आणि व्यायाम या दोन्हींनी ते तात्पुरतं वाढतं, म्हणून वाढलं तर पंधरा दिवसांनी, ताप नसताना, पुन्हा करावं. दोन्ही वेळा ०.२ च्या वर आलं तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जाताना सगळे जुने एसएए आणि सीआरपीचे आकडे तारखांसह, ताप होता की नव्हता याच्या नोंदीसह एका कागदावर उतरवून न्यावेत.